एक पान, अनेक रुमाल : विकीवरील नोंदींचे वर्गीकरण

जुन्या दप्तरखान्यांत कागद घडी घालून कापडात बांधून ठेवीत आणि त्या गाठोड्यास ‘रुमाल’ म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद अशाच रुमालांत बांधलेले आहेत. पणजी येथील पुराभिलेखागाराची परंपरा इ. स. १५९५ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी इतिहासकार दियोगु द कोउतु यांच्याकडे तेथील दप्तराची व्यवस्था सोपविण्यात आली होती. या संग्रहातील ‘मान्सून ग्रंथ’ इतिहासाभ्यासकांना सुपरिचित आहेत. लिस्बनहून येणारी व लिस्बनला जाणारी जहाजे मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असत, आणि त्या त्या मोसमातील पत्रव्यवहार एकत्र बांधला जाई. ज्यास एखाद्या मोसमातील पत्रे पाहावयाची आहेत त्याचे काम या व्यवस्थेत सुकर होते. परंतु एखाद्या नदीविषयी किंवा किल्ल्याविषयी शोध घेणाऱ्यास एकामागून एक ग्रंथ चाळावे लागतात. दोष बांधणाऱ्याचा नाही. कागद एकच असल्यामुळे त्याची जागाही एकच असते.

हीच अडचण आजही प्रत्येक कार्यालयात व शाळेत अनुभवास येते. पेडणे तालुक्यातील इब्रामपूर या गावासंबंधीचा, पुराच्या पाण्याने झालेल्या नुकसानीचा एखादा कागद कोणत्या फाइलीत लावावा? गावाच्या, नदीच्या, त्या वर्षाच्या, की शेतीच्या? कारकून आपल्या समजुतीप्रमाणे तो एका फाइलीत लावतो. पुढे त्याची बदली झाली की कागद असूनही नसल्यासारखा होतो.

संगणकावरील ‘विकी’ या लेखनपद्धतीत या अडचणीवर जो उपाय योजण्यात आला आहे, तो समजून घेण्यासारखा आहे. इंग्रजीत त्यास टॅग म्हणतात. मराठीत खूणचिठ्ठी म्हणता येईल.

विकी म्हणजे काय

वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी सर्वांसाठी खुली केली. ‘विकी’ हा हवाई बेटांवरील भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘झटपट’ असा आहे. होनोलुलूच्या विमानतळावर धावणाऱ्या ‘विकी विकी’ नावाच्या बसवरून त्यांना हे नाव सुचले. वाचकाने वाचता वाचताच पानात दुरुस्ती करावी, भर घालावी, नवे पान सुरू करावे, एवढी सोपी ही रचना होती. याच तत्त्वावर १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाचा इंग्रजीत आरंभ झाला आणि १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा. गोव्यातील कोकणीचा स्वतंत्र विकिपीडिया २०१५ साली सुरू झाला.

छापील कोशाची मांडणी अकारविल्हे असते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश काय किंवा वाईहून सिद्ध झालेला मराठी विश्वकोश काय, नोंद शोधण्यासाठी तिचे नाव ठाऊक असावे लागते. विकीत पाने क्रमाने लावलेली नसतात आणि त्यांची संख्या रोज वाढत असते. कोणीही केव्हाही पान लिहू शकतो. मग ते सापडावे कसे, हा प्रश्न तेथे छापील ग्रंथाहून अधिक तीव्र होतो.

कनिंगहॅम यांच्या विकीत यावर निघालेली युक्ती साधी होती. पानाच्या शेवटी ‘वर्ग’ या अर्थाच्या शब्दाला जोडून विषयाचे नाव लिहावयाचे. तो शब्द स्वतःच एका पानाचे नाव असे. त्या पानाकडे कोणकोणती पाने बोट दाखवितात, असे यंत्रास विचारले की त्या विषयाची सर्व पाने यादीरूपाने समोर येत. यादी कोणीही लिहिलेली नसे. विचारल्याबरोबर ती तयार होई. विकिपीडियावर ही सोय आरंभी नव्हती. २००४ साली ती मीडियाविकी या प्रणालीत समाविष्ट झाली आणि मराठीत तिला ‘वर्ग’ हेच नाव मिळाले.

प्रत्यक्ष कृती अशी : लेखाच्या अखेरीस दुहेरी चौकटी कंसात ‘वर्ग’ हा शब्द, विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह आणि त्यापुढे वर्गाचे नाव लिहावे. उदाहरणार्थ, [[वर्ग:पेडणे तालुक्यातील गावे]]. पान जतन होताच त्याच्या तळाशी हे नाव दिसू लागते आणि ‘पेडणे तालुक्यातील गावे’ या वर्गाच्या पानावर त्या गावाचे नाव आपोआप यादीत चढते. वर्गाचे पान अद्याप कोणी लिहिलेले नसल्यास त्याचे नाव तांबड्या अक्षरांत दिसते, तरीही यादी तयार होतेच. तांबडा रंग ही चूक नसून उरलेल्या कामाची सूचना आहे.

येथे एका नावाचा घोटाळा टाळावा. मराठी विकिपीडियाच्या इतिहासात ‘खूणपताका’ असा एक शब्द आढळतो. ती खूण पानाच्या विषयाची नसून एखादा बदल कसा केला गेला, उदाहरणार्थ मोबाइलवरून, हे दर्शविणारी असते. प्रस्तुत लेखाचा संबंध विषयाच्या खुणांशी, म्हणजे वर्गांशी आहे.

एक नदी, तिची नावे आणि तिचा पूर

आता इब्रामपूरच्या पानाचाच विचार करू. त्यावर कोणत्या खुणा लावाव्यात? पहिली सहज सुचते ती तालुक्याची. प्रशासकीय विभागणी सर्वांना ठाऊक असल्यामुळे लिहिणारे बहुधा तेथेच थांबतात. परंतु गावाचे जीवन तालुक्याच्या हद्दीत संपत नाही. इब्रामपूर व हणखणे या गावांची ग्रामपंचायत एकच आहे. हणखण्याच्या पलीकडे महाराष्ट्र राज्य आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुका लागतो. राज्ये दोन असली तरी डोंगर, पाऊस आणि पाणी यांना ती हद्द ठाऊक नाही.

सह्याद्रीतून निघून दोडामार्ग तालुक्यातून वाहणारी तिलारी नदी गोव्यात आली की तिला शापोरा म्हणतात. कोणी तिचे नाव ‘चापोरा’ असे लिहितात, तर कोलवाळच्या परिसरात ती कोलवाळची नदी होते. पेडणे, डिचोली व बार्देश या तालुक्यांच्या काठाने ती समुद्रास मिळते. ऑगस्ट २०१९ मध्ये या नदीला मोठा पूर आला आणि पेडणे व डिचोली या दोन्ही तालुक्यांतील नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले.

समजा, या पुरासंबंधी निरनिराळ्या व्यक्तींनी निरनिराळ्या पानांवर चांगली माहिती लिहिली. एकाने डिचोली तालुक्यातील साळ गावाच्या पानावर, दुसऱ्याने पेडणे तालुक्यातील एखाद्या गावाच्या पानावर, तिसऱ्याने तिलारी धरणाच्या पानावर. खुणा केवळ तालुक्यांच्या असतील तर ही तीन पाने कधीच एकत्र येणार नाहीत. पाणी कोणत्या क्रमाने कोठे चढले, कोणत्या वाटा प्रथम बंद झाल्या, हे जाणण्याची ज्या शिक्षकास, सरपंचास वा अधिकाऱ्यास निकड आहे, त्यास तिन्ही गावांची नावे आधीच ठाऊक असावी लागतील. आणि ज्यास ती ठाऊक आहेत त्यास त्या माहितीची गरज बहुधा कमीच असते. तेच प्रत्येक पानावर ‘शापोरा नदीच्या खोऱ्यातील गावे’ व ‘शापोरा नदीचे पूर’ अशा खुणा असतील, तर वरच्या अंगाचे गाव आणि खालच्या अंगाचे गाव एका यादीत शेजारी बसतात. इब्रामपूरचे पान पेडण्याच्या यादीतून निघत नाही आणि तरीही ते नदीच्या यादीत जाते. दप्तरखान्यात हे साधावयाचे तर कागदाच्या नकला काढाव्या लागल्या असत्या, आणि एका नकलेत दुरुस्ती झाली की बाकीच्या खोट्या ठरल्या असत्या.

मात्र यासाठी सर्वांनी एकच नाव वापरले पाहिजे. एकाने ‘शापोरा’ लिहिले व दुसऱ्याने ‘चापोरा’, तर यंत्राच्या लेखी त्या दोन नद्या होतात. मनुष्य अर्थाने वाचतो. यंत्र अक्षराने वाचते. मराठीत ही अडचण पावलोपावली येते. ‘इब्रामपूर’ आणि ‘इब्रामपुर’ यांत केवळ ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आहे, पण त्याने दोन वर्ग निर्माण होतात. शिमगा, शिगमो व शिगमोत्सव. चवथ व गणेशचतुर्थी. कुळागर व बागायत, अशी किती तरी जोडनावे एकाच घरात वापरली जातात. हळर्णचा किल्ला पोर्तुगीज ग्रंथांत ‘आलोर्ना’ या नावाने येतो. इ. स. १७४६ मध्ये तो जिंकणाऱ्या व्हाइसरॉयला त्यावरूनच आलोर्नाचा मार्केस ही पदवी मिळाली. लेखाच्या मजकुरात ही सर्व नावे अवश्य यावीत, कारण शोध घेणारा कोणत्याही नावाने येऊ शकतो. खुणेसाठी मात्र एकच नाव निश्चित करावे. कोणते करावे याविषयी मतभेद झाल्यास प्रत्येक वर्गाला जोडलेले चर्चापान असते, तेथे निर्णय व्हावा. नावांचे वाद आपल्याकडे लवकर पेटतात हे खरे. पण एका चर्चापानावर झालेला वाद शंभर पानांवरील गोंधळापेक्षा स्वस्त पडतो.

डोळ्यांना न दिसणारा भेद

याहून सूक्ष्म अडचण अशी की दोन शब्द डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसूनही यंत्राला वेगळे वाटतात. ‘खोऱ्यातील’, ‘किनाऱ्यावरील’ या शब्दांत येणारा अर्धा र मराठीचे वैशिष्ट्य आहे. संगणकावर तो दोन प्रकारे उमटविता येतो. एका प्रकारात त्यासाठी खाली टिंब असलेला स्वतंत्र ‘ऱ’ वापरून त्याचा पाय मोडतात. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यापुढे पडद्यावर न दिसणारे एक जोडचिन्ह येते. कळफलकाच्या रचनेनुसार लिहिणाऱ्याच्या नकळत यांपैकी एक प्रकार उतरतो. परिणामी ‘शापोरा नदीच्या खोऱ्यातील गावे’ या एकाच नावाचे दोन वर्ग होऊन काही गावे एकात आणि काही दुसऱ्यात जातात. लिहिणारा पुन्हा पुन्हा नाव तपासतो आणि त्यास काहीच चुकलेले दिसत नाही. यावर उपाय एकच : वर्गाचे नाव हाताने न लिहिता, आधी वर्ग लावलेल्या पानावरून ते जसेच्या तसे उचलून घ्यावे.

उलट प्रकारची चूकही संभवते. गोव्यात केरी नावाचे गाव पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. साळ हे डिचोली तालुक्यातील गाव, आणि साळ हीच दक्षिण गोव्यातील एक नदी. तेव्हा ‘केरी’ किंवा ‘साळ’ एवढीच खूण लावणे म्हणजे तीन घरांच्या चाव्या एका खिळ्याला अडकविण्यासारखे आहे. अशा ठिकाणी नावापुढे कंसात तालुका लिहावा, अथवा ‘साळ नदी’ असे पूर्ण नाव द्यावे.

वर्गांचे झाड आणि त्याच्या फांद्या

केवळ सुट्या खुणांनी छोट्या संग्रहाचे काम भागते. संग्रह वाढला की खुणांचीच संख्या इतकी होते की त्यांना लावण्यासाठी दुसरी व्यवस्था लागते. विकिपीडियावर वर्गाच्या पानालाही वर्ग लावता येतो. ‘पेडणे तालुक्यातील गावे’ हा वर्ग ‘गोव्यातील गावे’ या वर्गात जातो आणि तो पुढे ‘भारतातील गावे’ या वर्गात. यामुळे इब्रामपूरच्या पानावर तिन्ही खुणा लावण्याचे कारण उरत नाही. सर्वांत जवळची एक पुरेशी होते. नवे लेखक उत्साहाच्या भरात तिन्ही लावतात आणि वरच्या यादीत हजारो नावे साचून ती निरुपयोगी होते. मीडियाविकीत वर्गाच्या एका पडद्यावर सामान्यतः दोनशे नावे दिसतात. त्यापुढील नावांसाठी पान उलटावे लागते. इतके कष्ट फार थोडे वाचक घेतात.

या झाडाची एक गंमत अशी की येथे एका फांदीला अनेक खोडे असू शकतात. ‘शापोरा नदी’ हा वर्ग गोव्यातील नद्यांतही जाईल आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या भूगोलातही. मात्र ‘अ’ हा वर्ग ‘ब’ मध्ये आणि ‘ब’ पुन्हा ‘अ’ मध्ये घालण्याची चूक झाली तर शोधणारा गोल फिरत राहतो.

खुणा कशाच्या असाव्यात याचे मार्गदर्शन संगणकयुगापूर्वीच एका भारतीय ग्रंथपालाने करून ठेवले आहे. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ साली आपली कोलन वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. मेल्विल ड्युई यांच्या १८७६ सालच्या दशांश पद्धतीत प्रत्येक विषयाला ठरलेला एक क्रमांक असे. रंगनाथन यांनी विषयाचे पैलू वेगळे केले : मुख्य वस्तू, तिचे द्रव्य किंवा गुणधर्म, तिच्यावर घडणारी क्रिया, स्थळ आणि काळ. ग्रंथाचा क्रमांक या पैलूंच्या जोडणीतून तयार होई. पुराच्या कागदास हे लावून पाहिले तर नदी ही वस्तू, पूर ही क्रिया, शापोरा खोरे हे स्थळ आणि २०१९ हा काळ असे भाग सहज पडतात. एवढे भाग सुटे ठेवले की ते हवे तसे जोडता येतात. ‘पेडणे तालुक्यातील २०१९ च्या पुरात बाधित झालेली नदीकाठची गावे’ असा लांबलचक वर्ग करण्याचा मोह मात्र टाळावा. त्यात तीन-चार पाने पडतील आणि पुढच्या पुराच्या वेळी तो उपयोगी पडणार नाही. दोन वर्गांत समान असलेली पाने शोधून देण्याची सोय विकिपीडियाच्या शोधयंत्रात आहेच.

काही खुणा मुळातच लावू नयेत. ‘सुंदर गावे’, ‘महत्त्वाची माणसे’, ‘प्रसिद्ध देवस्थाने’ यांत लिहिणाऱ्याचे मत असते आणि ते दुसऱ्यास मान्य असेलच असे नाही. व्यक्तीच्या पानावर जात, धर्म वा मत सुचविणारी खूण विश्वसनीय आधाराशिवाय लावणे तर घातकच होय, कारण लेखात ‘असे म्हटले जाते’ म्हणून सावरता येते. खुणेला अशी पुस्ती जोडता येत नाही. व्यक्तींच्या बाबतीत आणखी एक तपशील असा की यादीत नाव आडनावानुसार लागावे यासाठी वर्गाच्या नावापुढे उभी रेघ देऊन आडनाव आधी लिहिण्याची सोय आहे.

शाळेसाठी व पंचायतीसाठी

विकिपीडियावर प्रसिद्ध झालेल्या साधनांचा आधार असलेली माहितीच लिहिता येते. गावातील वृद्धांनी सांगितलेली झरींची नावे, देवराईच्या सीमा, जुन्या पुरात पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते ही आठवण, या गोष्टी कोठे छापून आलेल्या नसतील तर त्यांना तेथे स्थान नाही. हा नियम कठोर वाटला तरी योग्य आहे. परंतु त्यामुळे ही माहिती लिहिलीच जाऊ नये असे नव्हे. जेरेमी रस्टन या ब्रिटिश तज्ज्ञाने २००४ साली तयार केलेली ‘टिडलीविकी’ अशा कामास सोयीची आहे. ही संपूर्ण विकी एका फाइलीत मावते, विनामूल्य मिळते आणि एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटच्या जोडणीवाचूनही चालते. तिच्यात लहान लहान टिपणे लिहून प्रत्येकावर हव्या तितक्या खुणा लावावयाच्या असतात. खूण हेही एक टिपणच असते. त्यामुळे ‘झर’ या खुणेखाली कशाकशाचा समावेश केला आहे, हे तिथल्या तिथे लिहून ठेवता येते.

सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांनी एका पावसाळ्यात प्रत्येकी दोन टिपणे आणली तरी वर्गाचा संग्रह शंभराच्या आसपास जातो. शिक्षकांनी आरंभीच खुणांची यादी फळ्यावर लिहून द्यावी. वीस खुणा पुरेशा होतात : वाड्यांची नावे, झर, विहीर, ओहोळ, देवराई, कुळागर, काजूची बाग, पूर, वाट, सण, अवजार, आणि सांगणाऱ्याची अंदाजे वयोमर्यादा. यादीत नवी खूण घालावयाची असेल तर ती वर्गासमोर मांडून, तिचा अर्थ ठरवून मगच घालावी. सांगणाऱ्यांची नावे लिहिण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी. ‘इतर’ ही खूण ठेवूच नये. ती ठेवली की निम्मी टिपणे तिच्यात जाऊन पडतात, असे कोणत्याही कार्यालयातील ‘संकीर्ण’ फाइल पाहिल्यास दिसून येईल.

पंचायतीच्या पातळीवर खुणांचे नाव बदलण्याचा प्रसंग अधिक येतो. योजना बदलतात, खात्यांची नावे बदलतात. मोपा येथील पठाराचेच पाहा. तेथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाली आणि गावाच्या नावाने चाललेल्या नोंदींत विमानतळाच्या नोंदी मिसळू लागल्या. अशा वेळी ‘मोपा’ आणि ‘मोपा विमानतळ’ अशा दोन खुणा करणे आवश्यक ठरते. मीडियाविकीत लेखाचे नाव बदलले की जुन्या नावाने येणारा वाचक आपोआप नव्या पानाकडे नेला जातो. वर्गाच्या बाबतीत मात्र तसे होत नाही. वर्गपानाचे नाव बदलले तरी प्रत्येक लेखाच्या तळाशी लिहिलेले जुने नाव तसेच राहते आणि ते एकेका पानावर जाऊन बदलावे लागते. हा खटाटोप वाचविण्यासाठी वर्ग साच्यातून लावण्याची पद्धत आहे. तालुक्यातील सर्व गावांच्या पानांवर एकच माहितीचौकट वापरलेली असेल, तर चौकटीच्या साच्यात एकदा केलेला बदल कालांतराने सर्व पानांवर उतरतो.

ज्यांना लिहिण्यास सवड नाही परंतु हातभार लावण्याची इच्छा आहे, त्यांच्यासाठी विकिपीडियाच्या विशेष पानांत ‘अवर्गीकृत पाने’ ही यादी असते. तिच्यात एकही खूण न लागलेली पाने असतात. एखादे गावाचे पान त्यात आढळल्यास त्याचा तालुका, त्याची नदी आणि तेथे असल्यास किल्ला वा देवराई एवढ्या खुणा लावण्यास दहा मिनिटे पुरतात.